तटावरचा पिंपळ

कर्नाळ्याचा किल्ला कुणाचा, या प्रश्नावर आमच्या मजल्यावरच्या एकाच घरात दोन पक्ष आहेत. आत्या पनवेलच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. सोसायटीत त्यांना सगळे ‘बाई’च म्हणतात. भाचा ऐरोलीच्या एका कंपनीत दिवसभर संगणकापुढे बसतो आणि रविवारी गडसंवर्धनवाल्या पोरांबरोबर कुठल्या तरी टाक्यातला गाळ उपसतो. एकाला तट दिसतो, दुसरीला तटावरचं झाड.

मी शेजारी. जानेवारीतल्या एका रविवारी दोघांनी मला बरोबर घेतलं ते माझ्या हौसेखातर नव्हे. भांडणाला ऐकणारा लागतो, म्हणून.

खारघरात आम्ही मंडळी रोज सकाळी डोंगराच्या रस्त्याने चालतो. त्याच डोंगराच्या माथ्यावर फणसवाडी आणि चाफेवाडी आहेत, हे चालणाऱ्यांतल्या अर्ध्यांना ठाऊक नसतं. किल्ला म्हटलं की मात्र प्रत्येकाला मत असतं. त्यामुळे गाडी कळंबोली ओलांडायच्या आत वाद सुरू झाला याचं मला नवल वाटलं नाही.

पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागलो. शिरढोण आलं तसा भाच्याने वेग कमी केला.

“वासुदेव बळवंतांचं गाव. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. 1818 साली कर्नल प्रॉथरने किल्ला घेतला, आणि साठ वर्षांनी किल्लेदाराच्या नातवाने इंग्रजांना घाम फोडला. ही त्या गडाची खरी ओळख. आणि आत्या, तिकिटावर काय छापलेलं असतं? पक्षी अभयारण्य!”

“कारण ते अभयारण्य आहे. 1968 पासून. महाराष्ट्रातलं पहिलं पक्षी अभयारण्य,” बाई म्हणाल्या. “आणि बंड करून माणूस जातो कुठे? रानातच ना? तुझ्या वासुदेव बळवंतांनाही रानाचाच आसरा होता.”

“म्हणजे किल्ल्याचं काहीच नाही?”

“किल्ल्याचं आहे की. वर आहे तो. खाली साडेचार चौरस किलोमीटर जंगल राखलं म्हणून वर जाणारी वाट तरी शिल्लक आहे. 2003 साली ते बारापर्यंत वाढवलं. नाहीतर पायथ्यापर्यंत टॉवर उभे राहिले असते, ‘गड दर्शन’ नावाचे.”

यावर भाचा हसला. आमच्या सोसायटीचं नाव त्याच चालीवरचं आहे.

फाटकावर तिकीट काढलं, पिशव्या दाखवल्या आणि चालायला लागलो. पहिला अर्धा तास ट्रकचे हॉर्न पाठ सोडत नाहीत. अभयारण्याच्या अंगावरूनच महामार्ग गेलाय. मग एका वळणानंतर डोंगर मध्ये येतो आणि आवाज एकदम मागे पडतो. बाई त्या वळणावर थांबल्याच. वर कुठेतरी भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करत होता. एक नक्कल शिक्रा ओरडतो तशी, दुसरी कशाची ते बाईंनाही कळेना.

“तिबोटी खंड्या ऐकायचा तर पावसाळ्यात यायला हवं,” त्या मला म्हणाल्या. “एवढासा असतो, चिमणीहूनही लहान. जूनमध्ये येतो, मातीच्या दरडीत बीळ करतो, पिल्लं वाढवतो. रायगड जिल्ह्याचा मानाचा पक्षी आहे तो आता.”

“रायगड जिल्ह्याला मानासाठी पक्षी लागतो?” भाचा पुढून म्हणाला. “जिल्ह्याचं नावच किल्ल्याचं आहे.”

तेवढ्यात मागून कॉलेजच्या पोरांचं टोळकं आलं. एकाच्या पाठीवर स्पीकर, त्यावर ढणढणाट. भाच्याने त्यांना थांबवलं आणि चांगलं फैलावर घेतलं. पोरांनी स्पीकर बंद केला, मुकाट पुढे गेली. बाईंच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

“छान केलंस. आता एक सांग, वर गेल्यावर तू आणि तुझे सरनोबत गळ्याच्या शिरा ताणून घोषणा देता, तिचं काय करायचं?”

“आत्या, घोषणा आणि स्पीकर एका पंगतीला बसवतेस?”

“मी नाही बसवत. सुळक्यावरची माशी बसवते. वरती आग्या मोहोळं लटकलेली असतात, पाहिलीयस ना? मोहोळ एकदा उठलं की ते महाराजांचा मावळा आणि मुंबईचा पोरगा असा भेद करत नाही. पळायला वाट एकच, तीही पायऱ्यांची.”

भाचा गप्प झाला. कर्नाळ्याला माश्या चावलेले लोक खाली आणायला लागतात तेव्हा झोळी धरणाऱ्यांत त्याच्यासारखीच पोरं असतात, त्यामुळे त्याला उत्तर नव्हतं. आवाजाच्या बाबतीत मी बाईंच्या बाजूचा आहे, हे इथेच सांगून टाकतो. ज्याच्यासाठी इतक्या लांबून आलो त्याच्या अंगणात उभं राहून ओरडण्याची गरज मला कधी कळलेली नाही.

चढ लागला तसा भाच्याचा आवाज परत आला. हा किल्ला इथेच का, हे त्याने मला समजावलं, आणि चांगलं समजावलं. पनवेल आणि आसपासच्या बंदरांत माल उतरायचा, बोर घाटाने वर देशावर जायचा. त्या वाटेवर नजर ठेवायची तर कर्नाळ्याच्या अंगठ्यासारख्या सुळक्याहून चांगली जागा नाही. म्हणून तो प्रत्येकाला हवा होता. यादवांच्या काळापासून त्याचा माग लागतो. पुढे गुजरातचा सुलतान, 1540 च्या सुमाराला अहमदनगरचा निजामशहा, मग वसईचे पोर्तुगीज, मग मोगल. 1665 च्या पुरंदरच्या तहात शिवरायांनी जे तेवीस किल्ले दिले त्यांत कर्नाळाही होता.

“आणि 1670 ला परत घेतला. कसा? मातीचे मोर्चे उभारत. एक मोर्चा बांधायचा, त्याच्या आडोशाने पुढे सरकायचं, पुढचा बांधायचा. या चढावर. वरून गोळ्या चालू असताना.” तो क्षणभर थांबून खाली बघत राहिला. “आपल्याला पाण्याची बाटली जड होते.”

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनाही हे आवडतं, फक्त त्या कबूल करत नाहीत.

कर्णाई देवीचं मंदिर आलं. बाईंनी चपला काढून नमस्कार केला आणि मग पायऱ्या चढायला घेतल्या. दरवाजा मोडका, वाड्याच्या भिंती खचलेल्या. किल्ल्यात दोन लेख आहेत, एक मराठी आणि एक फारसी. फारसी लेखात सय्यद नुरुद्दीन मुहम्मद खान हे नाव आणि हिजरी 1146 हे साल आहे, म्हणजे अठराव्या शतकाचा पूर्वार्ध. मराठी लेखाला साल नाही. भाच्याला या गोष्टीची रुखरुख आहे. आपल्या माणसाने तारीख घातली असती तर काय बिघडलं असतं, असं तो दर वेळी म्हणतो म्हणे.

आणि मग आला तो पिंपळ.

तटाच्या एका तुकड्यात, दोन चिऱ्यांच्या सांध्यातून तो बाहेर आला होता. मनगटाएवढं खोड. मुळं सांध्यातून खाली उतरत गेलेली, आणि एका जागी मुळाने चिरा चांगला चार बोटं पुढे ढकललेला. चिऱ्यामागे माती भुसभुशीत झालेली दिसत होती. भाच्याने आत बोट घातलं, ते सहज गेलं.

“दोन पावसाळे,” तो म्हणाला. “फार तर तीन. मग हा चिरा खाली जाणार, त्याच्यावरचे चार त्याच्यामागे. तीनशे वर्षं टिकलेला तट या एका झाडापायी जाईल. आणि मी याला कोयता लावला तर गुन्हा माझ्यावर दाखल होईल.”

“लावूही नकोस. अभयारण्य आहे.”

“आत्या, हे झाड नाही, सुरुंग आहे.”

“झाडच आहे ते. आणि तुला तुझ्याच भाषेत सांगते. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र तुझ्या कपाटात आहे ना? गडाच्या घेऱ्यातली झाडी ही गडाची राखण, ती मुद्दाम वाढवायची, त्यातली साधी काठीसुद्धा कुणाला तोडू द्यायची नाही, असं कुणी सांगितलंय? मी की अमात्यांनी?”

“अमात्यांनीच. पण तू अर्धंच सांगतेस. तटात उगवलेली झाडं वरचेवर कापून काढायची, तटावरचं आणि तटाखालचं गवत जाळून गड मोकळा ठेवायचा, हेही त्यांनीच सांगितलंय. त्याच प्रकरणात.”

दोघंही खरं बोलत होते. शिवकाळापासून कारभार पाहिलेल्या या माणसाने 1715 च्या सुमाराला कोल्हापूरच्या गादीसाठी जे लिहून ठेवलं, त्यात दुर्गांवरचं प्रकरण मोठं आहे, आणि त्यात झाडांचा विचार बारकाईने केलेला आहे. घेऱ्यात दाट रान, म्हणजे शत्रूला तोफा चढवता येऊ नयेत. गडावर आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ जपून वाढवायचे, म्हणजे अडीअडचणीला लाकूड हाताशी. तटाच्या दगडात मात्र काही उगवू द्यायचं नाही. पिंपळ नको, असं अमात्य म्हणत नाहीत. तो कुठे नको, एवढंच म्हणतात. तटाच्या पायथ्याशी एक रेघ ओढली तर रेघेच्या बाहेर बाईंचं राज्य आणि आत भाच्याचं. तीनशे वर्षांपूर्वी ती रेघ एका किल्लेदाराच्या हाताखाली होती. आज जंगल राखणारे वेगळे, इतिहास राखणारे वेगळे, आणि पिंपळ नेमका त्या रेघेवर उगवलेला.

मी हे बोलून दाखवलं तर दोघंही माझ्यावर उलटले.

“तेव्हा राखायला माणसं होती, भाऊ,” बाई म्हणाल्या. “घेऱ्यात राहणाऱ्या रामोशी, कोळी, महारांना त्याबद्दल वतनं होती. वर्षाचे बारा महिने तिथेच. कुठलं झाड ठेवायचं, कुठलं काढायचं हे त्यांना हाताला ठाऊक. आता रविवारी साठ पोरं येतात, एकसारखे टी-शर्ट घालून. एका गडावर मी डोळ्यांनी पाहिलंय, काटक्या समजून कारवी उपटत होते. सात वर्षांनी एकदा फुलणारी कारवी! तिच्या मुळांनी उताराची माती धरून ठेवलेली असते. ती उपटली आणि पुढच्या पावसात तीच माती टाक्यात. मग पुढच्या रविवारी परत तेच साठ, गाळ काढायला.”

“तो आमचा गट नव्हता.”

“टी-शर्ट वेगळा होता, एवढंच.”

भाच्याला हे लागलं. तो थोडा वेळ टाक्यांकडे जाऊन बसला. सुळक्याच्या पोटात कातळात खोदलेली टाकी आणि कोठारं आहेत. एका टाक्यात हिरवट पाणी, त्यावर चिप्सची दोन रिकामी पाकिटं. त्याने काठीने ती ओढून घेतली, झटकली आणि आपल्या पिशवीत घातली. वर मान केली तर बेसाल्टचा तो उभाच्या उभा खांब, आणि त्याच्या अंगावर काळपट अर्धचंद्र लटकलेले. मोहोळं. कॉलेजची पोरं खाली सावलीत पोळ्या खात होती, अगदी गुपचूप. कुणी तरी त्यांनाही माश्यांचं सांगितलं असावं.

परत आला तो नवा मुद्दा घेऊनच.

“आत्या, या तटात पिंपळ लावला कुणी?”

“म्हणजे?”

“बी इथे आलं कसं? मी नाही पेरलं. तुझ्या तांबटाने पिकलेली फळं खाल्ली, इथे येऊन बसला आणि…” त्याने हाताने उरलेलं दाखवलं. “प्रॉथरच्या तोफांनी जे झालं नाही ते तुझा तांबट करतोय. अभयारण्यात किल्ल्याचा सगळ्यात मोठा शत्रू पक्षीच आहे!”

बाई इतक्या हसल्या की दुर्बीण हलायला लागली. “हे मात्र खरं आहे. हरियालही त्यातलाच. राज्यपक्षी आपला, आणि तट पाडायला बसलाय.”

इथून पुढे भांडणाची धार थोडी बोथट झाली. भाच्याने पिंपळ काढायचा कसा ते सांगायला सुरुवात केली. वरून कोयता मारून उपयोग नाही, दुपटीने फुटतो. मुळं ओढून काढायला गेलं तर चिरा हातात येतो. खोड तटाला सपाट कापायचं, बुंध्याला भोकं पाडून त्यात औषध भरायचं, मुळं आतल्या आत मेली की सांधे चुन्याने भरायचे. सिमेंट नाही. सिमेंट दगडाहून कडक, ओल आत कोंडून धरतं आणि कडेचा दगड फुटतो. चुना मळायचा तो वाळू घालून, जुन्या पद्धतीने गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी टाकून, आणि भरल्यावर पंधरा-वीस दिवस ओला ठेवायचा. त्यासाठी पाणी वरच्या टाक्यातलं. बाई मध्येच प्रश्न विचारत होत्या: औषध कुठलं, ते पावसात वाहून टाक्यात उतरेल का, त्या टाक्यावर पाणी प्यायला कोण येतं. भाच्याला शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं येत नव्हती. त्याने ती फोनमध्ये टिपून घेतली.

मग आम्ही पूर्वेच्या कडेला गेलो. हवा स्वच्छ होती. प्रबळगडाचं पठार, त्याच्या बाजूला कलावंतिणीचं टोक, मागे माथेरान. पश्चिमेला वळलं की खाडी, द्रोणागिरी, आणि अलीकडे नवी मुंबई विमानतळाचा सपाट पट्टा. उलव्याची टेकडी कापून तो केलाय.

“बघ,” बाई म्हणाल्या. “एक टेकडी खाली उतरवली, नदीची दिशा बदलली, आणि आपण इथे एका पिंपळावरून भांडतोय.”

“म्हणूनच भांडायला हवं. तिथे विचारायला कुणी नव्हतं. इथे किल्ला आहे म्हणून लोक विचारतात. बेलापूरचा किल्ला बघ. आपल्या खारघरच्या पुढचंच स्टेशन. चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून तो स्वराज्यात आणला, आणि आज काय उरलंय तिथे? लोकांचं जाणं-येणं तुटलं की किल्ला संपतो. मला गर्दी चालेल, विस्मरण नाही चालणार.”

“गर्दी चालेल? त्या कलावंतिणीवर रविवारी जाऊन ये. कातळातल्या पायऱ्यांवर रांग. चढणारे उतरणाऱ्यांना वाट देतात, उतरणारे फोटोसाठी थांबतात. पावसाळ्यात बंदी घालावी लागते.”

“आणि त्याच गर्दीवर प्रबळमाचीची घरं चालतात. पोहे, जेवण, रात्रीचे तंबू. तू म्हणतेस तशी शांतता झाली तर माचीवरच्या बायकांनी काय करायचं? शिमग्याला ते लोक त्याच टोकावर जाऊन नाचतात, वर्षानुवर्षं. त्यांना विचारलंस का, त्यांना किल्ला कसा हवाय ते?”

यावर बाई पटकन बोलल्या नाहीत. मलाही वाटलं, हा त्याचा दिवसातला सगळ्यात चांगला मुद्दा होता. कर्नाळ्याला असं गाव माथ्याजवळ नाही, त्यामुळे इथला वाद वनखातं आणि आमच्यासारखे शहरी लोक यांच्यातच राहतो. प्रबळला तो तसा राहत नाही. तिथे तिसरा पक्ष घर करून बसलेला आहे, आणि त्याचा हक्क दोघांहूनही जुना.

“2025 च्या जुलैत युनेस्कोने बारा किल्ले यादीत घेतले,” भाचा पुढे म्हणाला. “आपल्या जिल्ह्यातले रायगड आणि खांदेरी. कर्नाळा नाही, प्रबळ नाही.”

“देवाचे आभार मान. यादीत आला असता तर सुळक्याला दिवे लावले असते. मोहोळांना रात्र राहिली नसती.”

उतरताना दोघांचं मनोमन काही ठरत होतं, ते पायथ्याला कँटीनच्या बाकावर उघड झालं. चहा आला. भाच्याने कागद काढला. अर्ज. अभयारण्यात काहीही कापायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, ती पक्षी अभ्यासकाच्या सहीने मागितली तर मिळण्याची शक्यता जास्त, हे त्याने आधीच चौकशी करून ठेवलं होतं. म्हणजे सकाळपासून चाललेल्या भांडणाचा हेतू हा होता. मला कौतुक वाटलं. गनिमी कावा घरातसुद्धा चालतो.

“सही देईन,” बाई म्हणाल्या. “तारीख कुठली घातलीयस?”

“एकोणीस फेब्रुवारी. शिवजयंती.”

“मुळीच नाही. तांबट तेव्हा ढोली कोरायला लागलेला असतो. पुढे उन्हाळाभर घरटी. मग पावसाळा, त्यात माझा तिबोटी. ऑक्टोबरच्या आधी कोयता वर जायचा नाही.”

“आत्या, शिवजयंतीला शंभर पोरं येतील. ऑक्टोबरात परीक्षा, मग दिवाळी. सगळे घरी किल्ले बांधत बसलेले.”

“मातीचे किल्ले बांधू दे त्यांना. दसऱ्यानंतरचा पहिला रविवार घाल. सीमोल्लंघन करूनच मोहिमा निघायच्या ना तुझ्या मावळ्यांच्या?”

भाच्याने ‘19 फेब्रुवारी’ खोडलं. “पण चिरा तोवर टिकला पाहिजे. एक पावसाळा मध्ये आहे.”

“मग आत्ताच टेकू लावायची परवानगी माग. लाकडाचा टेकू लावायला झाड कापावं लागत नाही. वेगळा अर्ज कर. आणि माणसं किती?”

“चाळीस.”

“आठ.”

“आठांत चुना कोण मळणार, आत्या? पंचवीस.”

“बारा. चपला नाही, घोषणा नाही, औषधाचं नाव अर्जात लिहायचं. आणि कारवी ओळखता येते की नाही, त्याची परीक्षा मी घेणार, आधीच्या रविवारी, खारघरच्या डोंगरावर. नापास होईल तो खालीच थांबेल.”

“पंधरा,” भाचा म्हणाला, आणि बाईंचं पेन त्यांच्यापुढे सरकवलं.